घाटात गाडीला बाहेर कोण ढकलतं?

सह्यवेडा

गेल्या जूनमधली गोष्ट. कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे आंबोली घाट उतरून सावंतवाडीला चाललो होतो. सासुरवाडीला न्यायची पाच किलोची गुळाची ढेप मागच्या सीटवर ठेवलेली. रिमझिम पाऊस, बेताचं धुकं आणि रस्त्यावर डोंगरातून वाहून आलेली तांबडी माती. एका उजव्या वळणाला काटा पंचेचाळीसच्या आसपास होता. फार पळवत होतो असं नाही, मागचा टेम्पोवाला तर हॉर्न मारून जीव खात होता.

वळणात शिरलो आणि मागून खर्रर्र आवाज आला. ढेप सीटवरून घसरत डाव्या दाराकडे निघाली होती. दचकून मी ब्रेक दाबला. आणि स्टिअरिंग उजवीकडे असूनही गाडीचं नाक सरळ निघालं, दरीकडच्या कठड्याच्या दिशेने. पायाखाली एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) धडधडतंय, स्टिअरिंग हलकं झालंय, गाडी मात्र आपल्या मनाने चाललीय. का कोण जाणे, पाय ब्रेकवरून उचलला गेला आणि त्याच क्षणी पुढच्या चाकांनी रस्ता धरला. कठड्याचा काळा-पांढरा दगड डाव्या आरशापासून हातभर अंतरावरून गेला.

बायको म्हणाली, "फेकले गेलो असतो बाहेर." पण फेकणार होतं कोण? घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चुकलं असेल तर कान पकडा.

गाडीला बाहेर कोणी ढकलत नाही. तिला सरळ जायचं असतं, आणि सरळ जाऊ द्यायचं नसेल तर कोणीतरी तिला सतत आतल्या बाजूला ओढायला हवं. ते काम रस्ता करतो, चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार ठशांमधून. किती ओढावं लागेल त्याचं रस्तेवाल्या इंजिनिअरांचं सूत्र सोपं आहे: ताशी किलोमीटरमधल्या वेगाचा वर्ग करा आणि त्याला १२७ गुणिले वळणाची त्रिज्या (मीटरमध्ये) याने भागा. उत्तर गाडीच्या वजनाच्या पटीत येतं. उपग्रहाच्या नकाशावर ते वळण मोजलं, त्रिज्या साधारण ४५ मीटर. ४५ चा वर्ग २०२५, भागिले ५७१५, म्हणजे ०.३५. रस्त्याने मला माझ्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या जास्त जोराने आत ओढायला हवं होतं.

कोरडं डांबर वजनाच्या ०.७-०.८ पट पकड देतं. ओलं असेल तर ०.४-०.५ धरावी, मातीचा चिखल असेल तर त्याहून कमी. सीटच्या गुळगुळीत रेक्झिनवर ढेपेला ०.३ सुद्धा मिळाली नसावी, म्हणून ती आधी सुटली. तीही फेकली गेली नाही. ती सरळच जात होती, गाडी तिच्याखालून उजवीकडे सरकली.

आणि मग ब्रेक. टायरकडे असलेली पकड एकच असते, वळायला वेगळी आणि थांबायला वेगळी असं खातं नसतं. दोन्ही बलं काटकोनात, म्हणून हिशोब पायथागोरसचा. एकूण ०.४ मधली ०.३५ वळण्यात खर्च झाली, तर ब्रेकसाठी उरते ०.१९. मी मागितली भरपूर. एबीएसने चाकं जाम होऊ दिली नाहीत हे खरं, पण नसलेली पकड ते तरी कुठून आणणार?

दोन शंका आहेत. गाडी जड असेल तर जास्त चिकटते का? आणि ट्रक घसरण्याऐवजी उलटतात ते का?

उगाचच

रुमाल टाकून ठेवतो. जेवून येतो.

चिंचोका

जड गाडी चिकटतेच की! आमची जुनी जीप रिकामी असताना नाचायची, सहा माणसं बसली की कशी शहाण्यासारखी जायची.

खडूस_मास्तर

चिंचोका, वजन दुप्पट झालं की पकड दुप्पट होते हे बरोबर, पण आत ओढायला लागणारं बलही दुप्पटच होतं. दोन्हीकडे वजन आलं, कटलं. जीप शहाणी झाली ती स्प्रिंगमुळे. रिकाम्या गाडीच्या ताठ स्प्रिंगा खड्ड्यावर चाक उडवतात आणि हवेत असलेल्या चाकाला पकड शून्य. खरं तर रबराची पकड वजनाच्या प्रमाणात पूर्ण वाढतही नाही, थोडी मागेच राहते. त्यामुळे वळणात बाहेरच्या टायरांवर भार गेला की ते जेवढं कमावतात त्याहून आतले टायर जास्त गमावतात. गाडी जेवढी कलते तेवढा हा तोटा मोठा.

सह्यवेडा, तुमचा हिशोब तपासला, उत्तर बरोबर आहे. फक्त "बाहेर ढकलणारं बल नसतंच" हे सरसकट म्हणू नका. रस्त्याच्या कडेला उभं राहून गणित मांडलंत तर अभिकेंद्री, म्हणजे आत ओढणारं, बल पुरतं. गाडीत बसून, गाडीलाच स्थिर मानून मांडलंत तर अपकेंद्री, म्हणजे बाहेर ढकलणारं, बल घ्यावंच लागतं, नाहीतर ढेप का सरकली ते सांगता येत नाही. उत्तर दोन्हीकडून तेच. काही मुलं दोन्ही बलं एकाच आकृतीत काढतात आणि मग गाडी त्यांच्या वहीत सरळच जाते.

बुलेटबाबा

मास्तर, जत्रेतल्या मौत का कुआंचं सांगा. लहानपणी वाटायचं चाकाला लोहचुंबक असणार.

खडूस_मास्तर

तिथे सगळं आडवं होतं. लाकडी भिंत गाडीला आत ढकलते आणि त्या दाबामुळे जे घर्षण मिळतं ते वजन पेलतं. विहिरीची त्रिज्या ५ मीटर आणि घर्षणांक (दाबाच्या किती पट पकड मिळते तो आकडा) ०.५ धरा, ताशी ३६ किलोमीटरला गाडी टिकते. त्याखाली गेली की खाली घसरली. वजनाचा संबंध इथेही नाही, म्हणून त्याच भिंतीवर मोटारसायकलही फिरते आणि अख्खी मारुतीही. घाटात वेग वाढला की मरण, विहिरीत कमी झाला की.

टायरवाला

माझा धंदाच हा, म्हणून एक भर. लोकांना वाटतं टायरच्या खाचांमुळे पकड मिळते. कोरड्या रस्त्यावर उलट आहे, रबर जितकं सलग टेकेल तितकं बरं. शर्यतीच्या गाड्यांचे कोरड्या दिवसाचे टायर सपाट गुळगुळीत असतात ते बघा. खाचा असतात पाणी बाहेर काढायला. टक्कल पडलेला टायर मे महिन्यात घाटात काही बोलत नाही, म्हणून गिऱ्हाईक म्हणतं "अजून एक सीझन काढू". जूनमध्ये पाणी टायर आणि रस्त्याच्या मधेच अडकतं आणि गाडी रस्त्यावर नाही, पाण्यावर चालते.

पहिल्या सरीत जास्त जपा. उन्हाळाभर सांडलेलं तेल आणि धूळ तोवर धुऊन गेलेली नसते, त्याचा लगदा होतो.

रेवा_क

वडील एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होईपर्यंत घाटांच्याच फेऱ्या. त्यांना सूत्र-बित्र माहीत नव्हतं, पण शिकाऊ पोरांना सांगायचे, "वळणाच्या तोंडाशी काय तो ब्रेक लाव, आत गेल्यावर पाय झाकून ठेव." दुसरं म्हणजे ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. न्यूट्रलवर घाट उतरणाऱ्याला त्यांच्या तोंडून जे ऐकावं लागे ते इथे लिहिता येणार नाही.

आणि तुमच्या ढेपेसारखी त्यांचीही खूण होती. बोनेटवर कंडक्टर पाण्याची बाटली आडवी ठेवायचा. बाटली लोळली की वडील म्हणायचे, "जास्त झालं." पुढच्या वळणाला कमी करायचे.

टपावर माल असला की मात्र त्यांचं सगळं गणित बदलायचं. आंब्याच्या पेट्या टपावर असल्या की नेहमीच्या वळणालाही गाडी गोगलगाय. ते का, हे मला आज कळेल असं वाटतंय.

सह्यवेडा

रेवाताई, बाबांना नमस्कार सांगा. "पाय झाकून ठेव" हे मला त्या दिवशी कोणी सांगायला हवं होतं.

ऊसकरी

टपाचं उत्तर आमच्याकडे हंगामात रस्त्याच्या कडेला पडलेलं दिसतं. मी सांगली जिल्ह्यातला. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, आणि ऊस असा रचलेला की मागून ट्रॅक्टर दिसतच नाही.

मास्तरांनी तपासावं. गाडी उलटायला लागणारं बल काढायचं तर दोन चाकांमधलं अंतर घ्या आणि जमिनीपासून गुरुत्वमध्याच्या (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात त्या बिंदूच्या) उंचीच्या दुपटीने भागा. मोटारीचं अंतर दीड मीटर, उंची ५५ सेंटीमीटर धरली तर १.३६ येतं. रस्ता तर कोरडा असतानाही ०.८ च्या वर देत नाही. म्हणजे मोटार आधी घसरते, उलटण्याइतकी पकड तिला मिळतच नाही. आता भरलेली ट्रॉली: अंतर १.६ मीटर, गुरुत्वमध्य समजा १.९ मीटरवर. येतं ०.४२. रस्ता ०.७ द्यायला तयार, ट्रॉली ०.४२ लाच आतलं चाक उचलते. ती घसरायच्या आधी उलटते. २० मीटर त्रिज्येच्या वळणाला हा आकडा ताशी ३३ किलोमीटरलाच येतो, आणि तोही सपाट, खड्डा नसलेल्या रस्त्यावर. ऊस कलतो, टायर दबतो, स्प्रिंग झुकते, म्हणून प्रत्यक्षात त्याच्याही आधी.

गंमत अशी की इथे चांगला रस्ता वाईट ठरतो. नव्या खरखरीत डांबरावर पकड उत्तम, ट्रॉली घसरून वेग मारायची सोयच नाही.

खडूस_मास्तर

तपासलं. पैकीच्या पैकी. मोटारीबद्दल एक पुस्ती: घसरत जाताना चाक दगडाला किंवा मऊ साईडपट्टीत अडकलं, तर रस्ता देत नव्हता तेवढं बल तो दगड देतो. मग मोटारही उलटते. ठेच लागून पडण्यासारखंच.

उगाचच

जेवून आलो तर इथे बारावीचा क्लास भरलाय. टँकर का उलटतात हा प्रश्न माझ्याकडून. द्रुतगती मार्गावर टँकर आडवा आणि मी तीन तास अडकलेलो, हा अनुभव वर्षातून एकदा ठरलेला.

ऊसकरी

पूर्ण भरलेला टँकर उंच असतो, पण निदान आतला माल जागचा हलत नाही. अर्धा भरलेला जास्त फसवा. वळणात द्रव बाहेरच्या बाजूला चढतो, म्हणजे गुरुत्वमध्य स्वतःच उलटायच्या दिशेने चालत जातो. आत पडदे असतात, पण बहुतेक आडवे, ब्रेक मारल्यावर द्रव पुढे आदळू नये म्हणून. डावी-उजवीकडची हेलकावणी ते थांबवत नाहीत.

कोकणकडा

एस आकाराची वळणं विसरू नका. खंबाटकीचा बोगदा संपवून पुण्याच्या दिशेने उतरताना जे एस वळण लागतं ते अपघातांसाठी उगाच बदनाम नाही. एकीकडे झुकलेला भरलेला ट्रक, त्याच्या दबलेल्या स्प्रिंगा, आणि लगेच उलटं वळण. स्प्रिंगा नुसत्या सरळ होत नाहीत, उसळून पलीकडे जातात, आणि नेमकं त्याच बाजूला नवं वळणही झुकवत असतं. शिवाय उतार, म्हणजे वेग आपोआप वाढता.

मी रस्त्याच्या कामावर काही वर्षं काढलीत. डोंगराळ भागात, जिथे बर्फ पडत नाही तिथे, वळणाला बाहेरची कड जास्तीत जास्त १० टक्के उचलायची परवानगी आहे. सपाटीवर ७ टक्के. उचललेला रस्ता गाडीच्या वजनाचाच काही भाग आत ओढायला लावतो, टायरवरचा बोजा तेवढा हलका. मग अजून उचला की, असं कुणी म्हणेल. तर त्याच वळणावरून बैलगाडीही जाते, आणि चढावर दमलेला ट्रकही उभा राहतो. फार उचललं तर तो आतल्या बाजूला कलंडायचा.

आता ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. डिझाइनमध्ये घर्षण फक्त ०.१५ धरतात, त्यात १० टक्के उचल मिळवली की ०.२५. सह्यवेडांच्या सूत्रात घातलं तर वेग येतो ताशी ४०. त्याच वळणावर कोरड्या रस्त्यात चांगले टायर असलेली मोटार सत्तरलाही निघून जाते. लोक एकदा गेले की म्हणतात पाटी खोटी. पाटी मोटारीसाठी लावलेलीच नसते. ती ओल्या रस्त्यातल्या, अर्धवट टायरांच्या, टपावर पेट्या असलेल्या गाडीसाठीही असते. आणि चाळीसचे पन्नास केले तर ओढ दीडपटीहून जास्त होते, साठ केले तर सव्वादोन पट. काटा जरासाच पुढे सरकलेला दिसतो म्हणून हे लक्षात येत नाही.

रूळकरी

रेल्वेची बाजू मांडतो. आमच्याकडे बाहेरचा रूळ उचलतात, आणि उचल मिलिमीटरमध्ये मोजतात. ब्रॉडगेजला मुख्य मार्गांवर कमाल १६५ मिमी. १२५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ११० ने जाणाऱ्या गाडीला अगदी समतोल हवा तर १३३ मिमी उचलायला हवं. त्याच रुळावरून साठने मालगाडी येते, तिला ४० मिमी पुरे. १३३ ठेवलं तर मालगाडीचा सगळा भार आतल्या रुळावर, तो झिजतो. ४० ठेवलं तर एक्स्प्रेसमधला चहा सांडतो. मग मधली उचल ठेवतात आणि जलद गाडीला थोडी कमी पडू देतात, साधारणपणे ७५ मिमीपर्यंत. तेवढं प्रवाशाला जाणवतं पण त्रास होत नाही. कोकण रेल्वेवर तर ट्रक लादलेली रो-रो गाडीही त्याच रुळांवरून जाते.

माथेरानच्या गाडीत बसून बघा कोणी. रुळांमधलं अंतर ६१० मिमी, वळणं इतकी घट्ट की खिडकीतून स्वतःच्याच गाडीचा दुसरा डबा दिसतो. तिथे वेग हाच उपाय, म्हणून ती रमतगमत जाते.

बुलेटबाबा

दुचाकीचं कोणी बोलेना, म्हणून मी. आम्ही उलटत नाही, आम्ही झुकतो. २० मीटरच्या वळणाला ताशी ४० असेल तर साधारण ३२ अंश झुकावं लागतं. ४५ अंश म्हणजे वजनाएवढी ओढ, तिथवर साध्या रस्त्यावर जाऊच नये.

आणि झुकायचं कसं? डावीकडे वळायचं तर डावं हँडल पुढे ढकलायचं. म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे.

चिंचोका

काहीही! तीस वर्षं गाडी चालवतोय, डावीकडे जायला हँडल डावीकडेच वळवतो.

बुलेटबाबा

तसं वाटतं सगळ्यांना. विमानवाले राइट बंधू मुळात सायकल दुकानदार. त्यातला विल्बर हेच सांगायचा, की डावीकडे वळताना आपण आधी हँडल किंचित उजवीकडे नेतो हे सायकलवाल्यांच्या लक्षातच आलेलं नसतं. चाकं उजवीकडे सरकली की वरचं धूड डावीकडे झुकतं, मग चाक त्याच्या मागे डावीकडे येतं. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाला डाव्या हँडलवर नुसत्या तळव्याने हलकं पुढे दाबून बघा. हलकं म्हणालोय.

चिंचोका

आज सकाळी विमानतळाच्या मागच्या रस्त्यावर करून बघितलं. गाडी डावीकडे गेली. दोनदा केलं, दोन्ही वेळा गेली. तीस वर्षं माझे हात मला न विचारता हे करत होते, याचा राग धरावा की आभार मानावेत कळेना.

उगाचच

घटना दुर्मीळ आहे. चिंचोका यांनी माघार घेतली. तारीख नोंदवून ठेवा.

रेवा_क

बाबांना धागा वाचून दाखवला. टपावरच्या पेट्यांचा हिशोब ऐकून म्हणाले, "बरं झालं, कागदावरपण तेच येतं." बाटलीवरून मात्र मास्तरांना विचारायला सांगितलंय: त्या बाटलीवरून आकडा काढता येईल का?

खडूस_मास्तर

बाटलीवरून नाही, ती नुसतं हो किंवा नाही सांगते. पण आरशाला टांगलेली माळ आकडा देते. सपाट रस्त्यावरच्या वळणात माळ जितके अंश तिरकी होते त्यावरून ओढ सरळ कळते: १७ अंश म्हणजे ०.३, २७ अंश म्हणजे ०.५. उचललेल्या रस्त्यावर माळ कमी तिरकी दिसते, कारण गाडीही आत कललेली असते. ते चालेल, टायरला आणि प्रवाशाला जाणवतं ते तेवढंच. अमेरिकेत वळणावरच्या वेगाच्या पाट्या ठरवायला वाकड्या काचनळीत गोळी असलेलं उपकरण गाडीत लावून फिरतात, तत्त्व हेच. काकांना सांगा, त्यांच्या कंडक्टरची बाटली त्याच घराण्यातली.

सह्यवेडा

परवा पुन्हा आंबोली उतरलो. मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक आरशामागे चिकटपट्टीने लावला, मुलगी शेजारच्या सीटवर आकडे वाचायला, मी रस्त्याकडे बघायला. रस्ता कोरडा होता. त्याच वळणाला, या वेळी तिसावर, माळ आठ-नऊ अंशांवर गेली. सूत्राने ०.१६ येतं, म्हणजे नऊ अंश. मुलगी म्हणते मधेच बाराला गेली होती, तो खड्डा होता.

चिंचोका

ते सगळं ठीक. गुळाचं काय झालं?

सह्यवेडा

दाराच्या हँडलवर आपटून एक कोपरा फुटला होता. तो तुकडा घाट उतरल्यावर टपरीवर चहासोबत आम्ही दोघांनी संपवला, हात थरथरत होते म्हणून चहा बशीतून प्यायलो. उरलेली ढेप फुटक्या बाजूवर कागद चिकटवून सासूबाईंना दिली. त्यांनी अजून विचारलेलं नाही.